जनगणनेच्या दोन रकान्यांत ना इंग्रजी मावते, ना मराठी

प्रति,
संपादक,

महोदय,

जनगणनेचा दुसरा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. १ मार्च २०२७ चा पहिला क्षण ही तिची संदर्भवेळ. पहिल्या टप्प्यात, म्हणजे घरयादीत, भाषेचा एकही प्रश्न नाही. तिथले ३३ प्रश्न छप्पर, पाणी, संडास, इंटरनेट, घरात खाल्ले जाणारे मुख्य धान्य अशा गोष्टींचे आहेत. भाषा विचारण्याची रीत दुसऱ्या टप्प्याची, आणि तीही माणसागणिक. सध्या सगळी चर्चा जातीच्या रकान्यावर चालली आहे. भाषेच्या रकान्यांकडे कोणाचे लक्ष नाही, म्हणून हे पत्र.

२०११ च्या कुटुंब अनुसूचीत, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या फॉर्मात, भाषेचे दोन प्रश्न होते. दहावा मातृभाषेचा. अकरावा मातृभाषेखेरीज येणाऱ्या भाषांचा, आणि त्यासाठी जागा दोनच. ‘घरी कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न त्यात नव्हता. ‘इंग्रजी कितपत येते?’ हाही नव्हता. तरी एखाद्या समाजाला इंग्रजी किती येते, घरात मराठी उरली की गेली, यावर जी ठाम विधाने केली जातात ती बहुतेक याच दोन उत्तरांच्या जोरावर.

दोन जागांनी काय होते ते मुलुंडच्या कच्छी दुकानदारावरून पाहा. असे दुकानदार तिथे गल्लोगल्ली आहेत. मातृभाषा कच्छी. हिशेबाची वही आणि सकाळचे वर्तमानपत्र गुजराती. गोदामातल्या हमालांशी हिंदी. गिऱ्हाईक, शेजारी आणि वॉर्ड ऑफिसशी मराठी. जीएसटीचे पोर्टल आणि बँकेची पत्रे इंग्रजी. झाल्या पाच भाषा. फॉर्मवर मावतात तीन: कच्छी, गुजराती, हिंदी. मराठी आणि इंग्रजी दोन्ही गळाल्या. त्यात छापील तक्त्यांत कच्छी ही सिंधी भाषेच्या खाली धरली जाते. म्हणजे तक्त्यात हा गृहस्थ दिसणार तो गुजराती आणि हिंदी येणारा सिंधीभाषक म्हणून. चाळीस वर्षे मराठीत धंदा केला त्याची कुठेही नोंद नाही.

सोलापूरच्या पद्मशाली विणकराचे तेच. घरी तेलुगू, पेठेत मराठी, अक्कलकोटच्या बाजूच्या माणसाशी कन्नड, बाहेरगावच्या व्यापाऱ्याशी हिंदी. इंग्रजीचा नंबर लागेपर्यंत जागा संपलेली असते. याउलट मराठी मातृभाषेच्या माणसाला हिंदी आणि इंग्रजी या दोन भाषा येत असतील तर तो या फॉर्मवर आरामात बसतो. राज्याची भाषा हीच ज्याची मातृभाषा आहे, त्या माणसाच्या मापाने हा फॉर्म शिवलेला आहे. त्यामुळे ‘मराठी लोकांपेक्षा अमुक समाजाला इंग्रजी कमी येते’ असा निष्कर्ष जनगणनेच्या सी-१७ तक्त्यावरून (कोणत्या मातृभाषेच्या किती लोकांना इतर कोणत्या भाषा येतात, ते दाखवणारा तक्ता) काढणे चूक. त्या समाजाची इंग्रजी मुळात रकान्यापर्यंत पोचलेलीच नसते. आणि ‘मुंबईतल्या अमराठी लोकांना मराठी येत नाही’ हे त्या तक्त्याच्या आधारे म्हणणाऱ्यांनीही जपून बोलावे.

२०११ मध्ये इंग्रजी मातृभाषा सांगणारे देशभरात २,५९,६७८ होते. पहिली इतर भाषा म्हणून इंग्रजी सांगणारे सुमारे ८ कोटी ३१ लाख, दुसरी इतर भाषा म्हणून सुमारे ४ कोटी ६० लाख. बेरीज १२ कोटी ९० लाखांच्या आसपास, म्हणजे दर दहा जणांत एकाहून थोडे जास्त. ही बेरीज सर्रास ‘भारतात इंग्रजी येणारे लोक’ म्हणून छापली जाते. रकान्यांच्या हिशेबाने ती खालची मर्यादा आहे: ज्यांची इंग्रजी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर होती ते तिच्यात नाहीत. शिवाय भाजक म्हणून संपूर्ण लोकसंख्या धरली जाते, पाळण्यातल्या बाळासकट. वयोगट हवा असेल तर सी-१८ तक्ता उघडावा लागतो. तो फार थोडे लोक उघडतात.

आता ‘येते’ म्हणजे काय? प्रगणकांच्या, म्हणजे घरोघरी जाऊन नोंद करणाऱ्यांच्या, पुस्तिकेत याचे उत्तर स्वच्छ आहे. ती भाषा समजून, तिच्यात दुसऱ्याशी संवाद करता आला पाहिजे. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. आणि दोन भाषा लिहायच्या त्या जी जास्त चांगली येते ती आधी, या क्रमाने. दारात मात्र उलटे घडते. प्रगणक विचारतो, “इंग्रजी येतं का?” दहावीला इंग्रजीत ६० गुण मिळवलेला, पण कधी चार वाक्ये न बोललेला मुलगा “हो” म्हणतो, कारण शाळेत विषय होता. त्याच घरातली, परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलात दहा वर्षे खोल्या आवरणारी आणि त्यांच्याशी रोज बोलणारी बाई “छे, आपल्याला कुठलं इंग्रजी” म्हणते, कारण तिने ती वर्गात शिकलेली नसते. पुस्तिकेच्या व्याख्येने नोंद बाईची व्हायला हवी, मुलाची नव्हे. होते नेमके विरुद्ध. ही चूक इकडेतिकडे होऊन शेवटी बरोबरीत सुटत नाही. ती एकाच दिशेने होते: शिकलेल्यांची इंग्रजी फुगते आणि कष्टकऱ्यांची झाकली जाते. म्हणून प्रश्न ‘इंग्रजी येते का’ असा न विचारता ‘इंग्रजीत कोणाशी बोलावे लागले तर बोलता येईल का’ असा विचारावा. प्रशिक्षणात एवढे एक वाक्य घोटून घेतले तरी पुष्कळ फरक पडेल.

दुसरी गोष्ट, उत्तर देतो एकच माणूस. बहुधा कुटुंबप्रमुख, नाहीतर त्या वेळी घरी सापडेल तो. सुनेला माहेरी कोणती भाषा होती, आजीला कानडी येते का, हे त्याला धड माहीत नसते. घाईतला प्रगणक पहिल्या ओळीत ‘मराठी’ लिहितो आणि खाली सगळ्यांना ‘वरीलप्रमाणे’ करून मोकळा होतो. पुस्तिका सांगते की एकाच घरातल्या माणसांच्या मातृभाषा वेगळ्या असू शकतात, प्रत्येकाला स्वतंत्र विचारा. धर्मावरून मातृभाषा ठरवू नका, सांगणाऱ्याशी वाद घालू नका, सांगेल ते लिहा, असेही तिच्यात आहे. सूचना उत्तम आहेत. दिवसाला इतकी घरे उरकायची म्हटल्यावर त्या पिशवीतच राहतात.

मातृभाषेची व्याख्याही नीट वाचण्यासारखी आहे. त्या व्यक्तीच्या लहानपणी तिची आई तिच्याशी ज्या भाषेत बोलत असे, ती मातृभाषा. आईची स्वतःची मातृभाषा कोणती हा प्रश्नच नाही. आई तान्हेपणी वारली असेल तर लहानपणी घरात मुख्यतः बोलली जाणारी भाषा. तान्ह्या बाळासाठी आई जी बोलते ती. या व्याख्येने कोकणी आईने मुलांशी मराठीच ठेवली असेल तर मुलांची मातृभाषा मराठी. आणि याच व्याख्येने, ‘शाळेत प्रवेश मिळायला सोपे जाईल’ म्हणून पुण्यातली मराठी आई दोन वर्षांच्या पोराशी दिवसभर ‘कम हिअर, ईट युअर बनाना’ करत असेल, तर त्या पोराची मातृभाषा इंग्रजी लिहावी लागेल. घरच्यांना ते पटणार नाही, ते मराठीच सांगतील, आणि प्रगणकाने तेच लिहायचे आहे. पण मग ‘मराठी मातृभाषा’ हा आकडा घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीचा आकडा नाही, हे लक्षात ठेवून तो वापरायला हवा. एकदा लहानपणी ठरलेली मातृभाषा माणूस सत्तर वर्षे सांगत राहतो. घरातली भाषा तेवढ्यात दोनदा बदललेली असते.

पुढची पायरी वर्गवारीची, आणि ती सर्वांत कमी माहीत असलेली आहे. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांची कच्ची नावे १९,५६९ होती. कोलकात्यातल्या भाषा विभागाने ती छाननी करून १,३६९ मातृभाषांवर आणली. १,४७४ नावांचे वर्गीकरण झाले नाही. त्यांतून किमान १०,००० बोलणारे असलेल्या मातृभाषा घेऊन त्यांचे १२१ भाषांत गट पाडले, २२ राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या आणि ९९ बाहेरच्या. या गाळणीतून बाहेर यायला २०१८ उजाडले.

गट कसे पडले? मराठीचे ८,३०,२६,६८० भाषक मोजले गेले. त्यांत अहिराणी नाही. सुमारे १६ लाख लोकांनी सांगितलेली अहिराणी ‘खानदेशी’ या स्वतंत्र भाषेखाली आहे. मालवणी सांगाल तर ती कोकणीत जाते. यवतमाळ-वाशीमच्या तांड्यावर कोणी बंजारी किंवा लमाणी सांगितली, तर ती हिंदीत मिळवली जाते. एकट्या लमाणी-लंबाडीचा २०११ चा आकडा ३२ लाखांवर आहे. वारली आणि कोकणा या भिली-भिलोडी गटात. सगळ्यांत नाजूक प्रकरण सातपुड्याच्या पावरीचे आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या पवारी ऊर्फ पोवारीचे. पावरी भिलीखाली मोजतात, पवारी हिंदीखाली. दोन्ही नावांत फरक एका कान्याचा. नंदुरबारच्या धडगावातला माणूस ‘पावरी’ म्हणाला आणि टंकणाऱ्याने ‘पवारी’ केले, की तो माणूस आपल्या जागी बसल्या बसल्या भिलीतून उठून हिंदीत जातो. अशा ठिकाणी प्रगणकाने लिहिलेले नाव घरच्यांना वाचून दाखवलेच पाहिजे.

या गटांबद्दल भांडण जरूर करावे, पण ते वर्गवारी करणाऱ्यांशी. ‘मराठीचा आकडा वाढावा म्हणून अहिराणी न सांगता मराठी सांगा’ असे संदेश फिरू लागले, तर ते आम्हाला साफ अमान्य आहेत. माणसाने खरे तेच सांगावे. अहिराणी सांगणाऱ्याच्या मराठीची नोंद ‘इतर भाषा’ म्हणून होतेच, फक्त तिला जागा मिळायला हवी. तिथे पुन्हा त्याच दोन रकान्यांशी गाठ पडते.

बाहेरदेशी हाच विषय वेगळ्या पद्धतीने हाताळतात, आणि आपल्या वाचकांची मुलेबाळे तिकडे असल्याने ते माहीत असणे कामाचे आहे. अमेरिकेत दरवर्षी सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जाणाऱ्या समुदाय सर्वेक्षणात पाच वर्षांवरील प्रत्येकासाठी तीन प्रश्न असतात. घरी इंग्रजीखेरीज भाषा बोलता का? कोणती? आणि इंग्रजी कशी बोलता: खूप चांगली, चांगली, फारशी चांगली नाही, मुळीच नाही. हेच तीन प्रश्न १९८० पासून चालत आले आहेत. ‘खूप चांगली’च्या खाली जे काही सांगाल ते ‘मर्यादित इंग्रजी’त धरतात, अगदी ‘चांगली’ म्हणालात तरी. आपल्याकडची सुशिक्षित माणसे विनयाने ‘चांगली’वर खूण करतात आणि मर्यादित इंग्रजीवाल्यांत जाऊन बसतात. या आकड्यांना तिकडे कायद्याचे वजन आहे. एखाद्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) एका भाषिक गटाचे मर्यादित इंग्रजी असलेले मतदार-नागरिक १०,००० पेक्षा जास्त किंवा ५ टक्क्यांच्या वर असतील आणि साक्षरतेची अटही लागू पडत असेल, तर मतपत्रिका त्या भाषेत द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली मतपत्रिका आली ती या तरतुदीने.

मराठीचे तिथे काय होते? मोठ्या प्रसिद्ध तक्त्यात २०१६ पासून एक ओळ आहे: ‘नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा’. २००८ नंतर भूतानमधून विस्थापित होऊन ओहायो-पेनसिल्वेनियात वसवलेली नेपाळीभाषक कुटुंबे आणि न्यू जर्सीतली मराठी संगणक अभियंत्यांची घरे एकाच ओळीत. त्या ओळीवरून इंग्रजीची जी टक्केवारी निघते ती दोघांपैकी कोणाचीच नसते. सुटी मराठी हवी असेल तर एकेका व्यक्तीच्या उत्तरांची नमुना-माहिती उतरवून घेऊन स्वतः मोजावी लागते. कोणी भाषेच्या जागी ‘इंडियन’ लिहिले तर तेवढेही हाती लागत नाही. त्या सर्वेक्षणात दोन महिन्यांहून जास्त मुक्काम असलेला माणूसही मोजतात. म्हणजे नातवंडासाठी सहा महिने गेलेली आजीसुद्धा. तिच्यापुढे ‘मराठी’ असे पूर्ण लिहा, आणि तिला इंग्रजी किती येते ते तिलाच विचारा.

इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून ‘मुख्य भाषा’ विचारतात आणि ती इंग्रजी (वेल्समध्ये इंग्रजी किंवा वेल्श) सोडून दुसरी असेल तरच इंग्रजी कितपत येते ते विचारतात. त्यात घरी आजी-आजोबांशी मराठी बोलणारा पण मुख्य भाषा इंग्रजी सांगणारा मुलगा दिसेनासा होतो. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये ‘बोलता’ हा शब्द काढून घरी भाषा ‘वापरता’ का असा केला, त्यामुळे खुणांची भाषा प्रश्नात बसली. एका क्रियापदाने काय होते त्याचा हा नमुना.

अमेरिकेतला चार पायऱ्यांचा प्रश्न जसाच्या तसा इथे आणा, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. स्वतःच्या इंग्रजीला गुण देताना आपल्याकडे शाळा, जात, शहर आणि संकोच सगळे मध्ये येते. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीतल्या चाचणीत मुलाला मोठी लिपी, छोटी लिपी, सोपे शब्द आणि सोपी वाक्ये असा चार पायऱ्यांचा कागद देतात, आणि वाचलेल्याचा अर्थही विचारतात. २०२२ मध्ये ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी सोपी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी ४६.७ टक्के निघाली. २०१६ मध्ये ती ४५.३ टक्के होती. ‘येते का’ असे विचारले असते तर आठवीतल्या किती मुलांनी ‘नाही’ म्हटले असते? शक्य असेल तिथे चाचणी घ्यावी आणि जिथे चाचणी शक्य नाही, म्हणजे जनगणनेत, तिथे दोन साधे हो-नाहीचे प्रश्न पुरेत: इंग्रजीत बोलता येते का, इंग्रजी सूचना वाचून समजते का. आपल्याकडे बोलणे आणि वाचणे यांची फारकत आहे. एकच रकाना ती पकडू शकत नाही.

शाळांना जनगणनेची वाट पाहायची गरज नाही. प्रवेश अर्जावर ‘मातृभाषा’ असे एकच खाते असले की कारकून तिथे शाळेचे माध्यम उतरवून टाकतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारावेत: मूल पहिल्यांदा कोणत्या भाषेत बोलायला लागले, घरातली मोठी माणसे त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलतात, आणि भावंडांशी ते स्वतः कोणती बोलते. तिन्ही उत्तरे वेगळी आली तर वेगळीच लिहावीत. अमेरिकेतल्या शाळा प्रवेशाच्या वेळी साधारण हेच विचारतात. अक्राणी किंवा धारणीसारख्या आदिवासी तालुक्यातल्या पहिलीच्या शिक्षकाला याचा उपयोग पहिल्याच दिवशी होईल. शिवाय पहिलीपासून तिसरी भाषा हवी की नको यावर २०२५ मध्ये राज्यभर जो गदारोळ झाला, त्यात मुले घरी आधीच किती भाषा बोलतात याचा तालुकावार आकडा कोणाकडेच नव्हता.

जनगणना आयुक्तांकडे मागणी एवढीच, की इतर भाषांच्या जागा दोनवरून किमान चार कराव्यात. दोनची मर्यादा कागदी फॉर्मची होती. कागदावर लिहायचे, तेव्हा प्रत्येक रकान्याला किंमत होती. आता नोंद मोबाइलवर होणार आहे. आणखी दोन ओळींना कागद लागत नाही. दुसरे, सी-१७ राज्यापाशी थांबतो. मातृभाषेचा तक्ता तालुक्यापर्यंत जातो, तसाच हाही किमान जिल्ह्यापर्यंत द्यावा. मुंबई उपनगर आणि गडचिरोली यांची इंग्रजी एकाच ओळीत मिसळून कोणाचे भले होणार?

स्वगणना करणाऱ्या, म्हणजे फॉर्म स्वतःच भरणाऱ्या, घरांनी रात्रीच्या जेवणानंतर सगळे असताना फॉर्म भरायला घ्यावा. मातृभाषा प्रत्येकाने आपली स्वतः सांगावी, सुनेने आणि आजीनेही. इतर भाषा लिहिताना प्रतिष्ठेच्या नव्हे, तर चांगल्या येण्याच्या क्रमाने लिहाव्यात. अमराठी घरांनी मराठी येत असेल तर तिला पहिल्या दोनांत जागा द्यायची की नाही हे याच क्रमाने ठरवावे. नावाचे स्पेलिंग यादीतून निवडायचे असेल तर पहिले दिसेल त्यावर बोट न ठेवता खालपर्यंत पाहावे, विशेषतः पावरी, पवारी, अहिराणी, मालवणी, लमाणी सांगणाऱ्यांनी. आणि फॉर्म पाठवण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आणि सर्वांत धाकट्या माणसाची भाषेची ओळ एकदा मोठ्याने वाचावी. ‘वरीलप्रमाणे’ने झालेल्या चुका बहुतेक त्याच दोन ओळींत सापडतात.

आपले,
भाषाविषयक आकडेवारीचे काही अभ्यासक, पुणे